लाल गोळीच्या आत

गिरणीत सगळे तिला 'दुर्बीण' म्हणायचे. कापड तपासायचं, हे तिचं काम. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि ती उभ्याउभ्या त्यातले दोष हेरायची. कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा ठिपका, कुठे विणताना सुटलेली जागा. दोष दिसला की पायाने मशीन थांबवायची आणि काठाला खडूने खूण करायची. दुसऱ्या बायका डोळे बारीक करून बघायच्या, ही नुसती बघायची. "तुझ्या नवऱ्याचं काही खरं नाही," मुकादम म्हणायचा. "शर्टावरचा केससुद्धा लपवता यायचा नाही बिचाऱ्याला." सगळ्या हसायच्या, तीही हसायची. नवऱ्याच्या शर्टावर तिला साखरेशिवाय कधी काही सापडलं नव्हतं. तो गोळ्यांच्या कारखान्यात कारागीर होता. तांब्याच्या मोठ्या फिरत्या कढईत गोळ्यांवर पाक ओतून ओतून थरावर थर चढवायचा. मनगटापर्यंत गोड असलेला माणूस.

तिला पाचवा महिना लागला आणि तिच्याकडून दोष निसटायला लागले. कापड पुढे सरकायच्या ऐवजी आपणच मागे सरकतोय असं वाटायचं. दोन जिने चढले की धाप लागायची. मुकादमाने एकदा तिने पास केलेला तागा परत आणून तिच्यासमोर उलगडला आणि मधल्या भोकातून बोट घालून दाखवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की हातातला खूण करायचा खडू आपण मधूनमधून चाटतोय. चाटतोय कसला, कुरतडतोय. त्या खडूचा वाससुद्धा तिला आवडायला लागला होता.

हे तिने दवाखान्यात सांगितलं तेव्हा सिस्टर हसल्या नाहीत. गरोदर बायकांची तपासणी करणाऱ्या या बाईंचा आवाज खडा होता आणि हात मऊ. त्यांनी तिची खालची पापणी बोटाने ओढून बघितली. नखं बघितली. मग बोटाला सुई टोचून रक्त घेतलं आणि कागदावरचा आकडा बघून भुवया उंचावल्या.

"मागच्या खेपेपेक्षा कमी झालंय. वाढायला हवं होतं. लाल गोळ्या घेतेस?"

"रोज."

"रोज म्हणजे रोज? की आठवलं की?"

"रोज, सिस्टर. रात्रीचं जेवण झालं की. आमचे हे स्वतः हातावर ठेवतात."

सिस्टरनी टेप काढून तिच्या पोटाची उंची मोजली. एकदा मोजली, मग परत मोजली. "बाळ जरा मागे आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस, पण ऐक. बाळाचं रक्त, हाडं, मेंदू, सगळं तुझ्यातून बनतं. ते आधी स्वतःचं काढून घेतं, उरलं तर तुला. तुझ्याकडेच खडखडाट असला की मग त्यालाही पुरत नाही. लाल गोळी लोहाची, ती रक्तासाठी. पांढरी चुन्याची, हाडांसाठी. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, भांडतात एकमेकींशी. लाल गोळीवर चहा प्यायचा नाही. खडू खायचा नाही, पोट बिघडेल. तो तुझा चटोरपणा नाही, शरीर लोह मागतंय आणि मिळेल ते चघळतंय, एवढंच." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "संडासला काळं होतं का?"

ती लाजली. "नाही."

सिस्टर थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची माया कोणीतरी पुसून घेतल्यासारखी गेली. "लोहाची गोळी पोटात गेली की काळं होतं. जवळजवळ सगळ्यांनाच होतं. नसेल होत, तर गोळी पोटात जात नाही."

"मी खरंच घेते."

"माझ्याशी खोटं बोलून माझं काही जात नाही, बाई. जाईल ते तुझं आणि त्याचं."

ती बाहेर बाकावर येऊन बसली तेव्हा तिचे कान तापले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे दोष शोधले, आणि आज पहिल्यांदा कोणीतरी तिच्या अंगावर खडूची खूण केली होती, तीही चुकीच्या जागी. शेजारी तिसऱ्या खेपेची एक बाई पाय पसरून बसली होती. तिच्या हातात तसलीच तपकिरी बाटली होती. सिस्टर मोठ्या डब्यातून मोजून सगळ्यांना भरून द्यायच्या तसली.

"एक विचारू का?" ती म्हणाली आणि हळूच विचारलं.

"अगं डांबर," ती बाई म्हणाली. "पहिल्या खेपेला मी इतकी घाबरले की नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याने अजून मला माफ केलेलं नाही."

म्हणजे डबा तोच, गोळी तीच, बाटली तीच. दवाखान्याच्या दारापर्यंत सगळं ठीक होतं. जे काही बिघडत होतं ते त्यानंतर, तिच्या घरात.

घरात माणसं तीनच. ती, नवरा आणि नवऱ्याची मोठी बहीण. नणंद बस डेपोच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची, पहाटे जायची आणि दुपारी परतायची. उंच, हाडापेराने मजबूत, कमी बोलणारी बाई. बोलली तरी अर्धं वाक्य भांड्यात पडायचं. आई गेल्यावर भावाला तिनेच वाढवलं होतं. दुर्बीण या घरात आली तेव्हा नणंदेने तिच्या हातात घराची किल्ली दिली होती, पण स्वयंपाकघराचं कपाट मात्र स्वतःकडेच ठेवलं होतं. गोळ्यांची बाटली त्याच कपाटात असायची.

संशय एकदा मनात शिरला की त्याला खायला काहीही चालतं. तिला जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. नणंद म्हणाली होती, "इतकी औषधं कशाला? आमच्या वेळी नव्हती." म्हणाली होती, "रात्री फार जेवू नकोस." आणि एकदा, भाजी निवडता निवडता, कोणाच्यातरी बाळंतपणाचा विषय निघाला तेव्हा म्हणाली होती, "लहानसं असलं की सुटसुटीत होतं." त्या वेळी हे सगळं कानाआड गेलं होतं. आता एकेक वाक्य दिव्यावर धरून बघितलं तर प्रत्येकात भोक दिसत होतं.

तिने गुपचूप बदल केले. लाल गोळीनंतरचा चहा बंद केला. जेवणात पालेभाजी आणि अंडी वाढवून मागितली. नणंदेने ती मुकाट्याने वाढली, आणि याचाही तिला संशय आला. गोळ्यांची बाटली तिने कपाटातून काढून आपल्या खोलीत, कपड्यांच्या घड्यांमागे ठेवली. नणंदेने दुसऱ्या दिवशी विचारलं, "बाटली कुठे गेली?"

"माझ्याजवळ ठेवलीय, ताई. विसरायला होतं."

"तू कुठे विसरतेस? तो देतो ना आठवणीने," नणंद म्हणाली आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तो आठवणीने देत होताच. जेवण झालं की हात धुऊन यायचा, बाटली काढायचा, एक गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा आणि पाण्याचा पेला पुढे करायचा. ती गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. ओकारी नको म्हणून ती डोळे मिटून, जिभेला लागू न देता, एका घोटात गोळी घशाखाली लोटायची. तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, असा नवरा दिवा लावून शोधला तरी सापडायचा नाही.

सहाव्या महिन्यात तो पहिल्यांदाच तिच्याबरोबर दवाखान्यात आला. सिस्टरनी टेप लावली, आकडा लिहिला आणि मान हलवली. "वाढ कमीच आहे. अजून लहानच दिसतंय."

ती नेमकी त्याच्याकडे बघत होती. बघायचं म्हणून बघत नव्हती, तिची नजर होतीच तिथे. आणि तिला दिसलं. सिस्टरच्या तोंडून 'लहान' हा शब्द निघाला आणि त्याच्या खांद्यांतला ताण उतरला. चेहरा सैल झाला. एका क्षणापुरतं. मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि काळजीच्या आवाजात विचारलं, "पण फार मोठं नाही ना होणार?"

"मोठं?" सिस्टर म्हणाल्या. "अहो, मी काय सांगतेय आणि तुम्ही काय विचारताय?"

दवाखान्यातून परतताना तो तिचा हात धरून चालत होता, खड्डा आला की आधीच सांगत होता. कापडात असे दोष असतात, तागा सपाट पसरला की दिसत नाहीत, तिरप्या उजेडात एकदाच चमकून जातात. नवखी बाई म्हणते, भास झाला असेल. जुनी बाई मशीन थांबवते. तिने मात्र मशीन थांबवलं नाही. नवऱ्यावर संशय घ्यायचा म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच वाकवून बघायची. त्यापेक्षा नणंद सोपी होती.

त्यानंतरचे दिवस तिने स्वतःशीच वकिली करत काढले. त्याला मूल नकोय का? पण त्यानेच पाळण्यासाठी लाकूड बघून ठेवलं होतं. दुसरी कोणी आहे का? पण तो कारखान्यातून थेट घरी येतो, घामाचा आणि साखरेचा वास घेऊन. मग 'लहान' ऐकून माणूस सुस्कारा का टाकतो? तिला रात्रीचं जेवण नकोसं व्हायला लागलं, कारण जेवणानंतर ती गोळी होती आणि गोळीमागे तो पेला धरलेला हात होता.

सातव्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी तो बाजारात गेला होता. जाताना म्हणाला, "आज मला उशीर होईल, गोळी आधीच घेऊन ठेव." तिने खोलीत जाऊन घड्यांमागून बाटली काढली. एक गोळी तोंडात टाकली, आणि नेमका त्याच वेळी ठसका लागला. गोळी घशातून परत जिभेवर आली. थुंकायला ती मोरीकडे धावली, पण पोटातल्या बाळामुळे धावणं म्हणजे नुसतं डुलणं. मोरीपर्यंत पोचेपर्यंत गोळीवरचं लाल आवरण विरघळलं होतं.

गोड लागलं. त्यात काही नवल नव्हतं, गोळ्यांना वरून साखर असतेच. ती आतल्या कडवट, गंजाच्या चवीची वाट बघत उभी राहिली. पहिल्या तपासणीला सिस्टरनी समोर घ्यायला लावलेली गोळी अशीच तोंडात फुटली होती आणि दिवसभर जिभेवर जुनी किल्ली ठेवल्यासारखं वाटलं होतं. ती चव येईना. तिने गोळी दाढेखाली धरून फोडली. आत गोड. त्याच्याही आत गोड.

तिने बाटली बशीत उपडी केली. एक गोळी सुरीने कापली, मग दुसरी, मग तिसरी. वरून लाल, आत पांढरीशुभ्र, एकावर एक चढवलेले पातळ थर, कांद्यासारखे. कुठेही गडबड नाही, कुठेही थर कमीजास्त नाही. इतकं सफाईदार काम शहरात करणारे हात किती असतील, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

ती पलंगावर बसली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आधी भीती आली. हा माणूस रोज माझ्यासमोर उभा राहून मी साखर गिळतेय की नाही हे बघत होता. का? पोटातल्या जिवाशी त्याचं काय वैर? मग तिने बशी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. इतके दिवस जिला पाण्यात पाहिलं, तिच्याच दारात.

नणंद तांदूळ निवडत होती. "ताई, ही चाखून बघा."

नणंदेने अर्धी गोळी तोंडात टाकली. चघळली. तिचे हात तांदळात तसेच राहिले. तिने दुसरा तुकडा उचलून उजेडाकडे धरला आणि थर बघितले.

"ही तर त्याच्या हातची आहे," ती म्हणाली.

"हो. ही माझ्या लोहाच्या बाटलीतली आहे. सगळी बाटली हीच आहे."

नणंदेने तो तुकडा बशीत परत ठेवला. मग म्हणाली, "आणि तू समजत होतीस मी करतेय. बाटली हलवलीस तेव्हाच कळलं होतं मला."

"चुकलं माझं, ताई."

"चुकलंच. पण ते राहू दे." ती उठली आणि हात झटकले. "येऊ दे त्याला."

तो आला तेव्हा दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या होत्या आणि मधे बशी. त्याने दारातच पिशवी खाली ठेवली. बायकोने एक अखंड गोळी उचलून त्याच्यापुढे धरली.

"चावून बघा," ती म्हणाली.

तो गोळीकडे बघत राहिला. "चावायची गरज नाही," तो म्हणाला. "या खेपेला रंग जरा गडद झाला होता. मला वाटलंच होतं तुझ्या लक्षात येईल."

असं काही ऐकू येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो नाकारेल, चिडेल, शपथा घेईल, या सगळ्याची तिने तयारी केली होती. "एवढंच?" ती म्हणाली. "रंग गडद झाला? अहो, तुमचं मूल आहे ते. नको होतं तर तोंडाने सांगायचं होतं."

"नको?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "कोण म्हणालं नको?"

"मग उपाशी का मारताय त्याला?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. बोलताना तो बायकोकडे नाही, बहिणीकडे बघत होता. "आई कशी गेली ते हिला सांगितलंयस का कधी?"

"बाळंतपणात गेली. माहीत आहे तिला," नणंद म्हणाली.

"बाळ मोठं होतं म्हणून गेली. दाई बाहेर येऊन म्हणाली होती, टॉनिकं पिऊन पिऊन मूल भोपळ्यासारखं वाढवलंय, आता अडलंय. मी तिथेच उभा होतो." त्याने हात पालथे करून बघितले, जणू त्यांना अजून काही लागलेलं होतं. "ते टॉनिक रोज कोण द्यायचं आईला? चमचा भरून, न सांडता? मीच ना. तू सांगितलं होतंस, हे तुझं काम. आणि मी एक दिवससुद्धा चुकवला नाही."

बायकोला त्याचं आतापर्यंतचं सगळं आठवलं, पेला धरलेला हात, गिळेपर्यंत थांबणं, 'फार मोठं नाही ना'. प्रत्येक गोष्ट आता उलट्या बाजूने दिसत होती, आणि उलट्या बाजूनेही ती तितकीच भयंकर होती.

"तू इतकी वर्षं हे धरून बसलायस?" नणंद म्हणाली.

"कोणाला सांगणार?"

"मला." मग ती त्याच्यासमोर खाली बसली. तिचे गुडघे वाजले. "ऐक. आईने ते टॉनिक घेतलंच नाही."

"मी स्वतः द्यायचो, ताई."

"तू द्यायचास. ती तोंडात धरायची, तू खेळायला पळालास की मोरीत थुंकायची. तिला मळमळायचं त्याने. तुला वाईट वाटू नये म्हणून तुझ्यासमोर गिळल्यासारखं करून हसायची. मोरी मी घासायचे रे. तिथे तपकिरी डाग पडायचे, जाता जायचे नाहीत." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाळ मोठं नव्हतं. मी पाहिलं होतं त्याला, गुंडाळून दिलं होतं माझ्या हातात. एवढंसं होतं. आई गेली ती रक्त गेलं म्हणून. अंगात आधीच नव्हतं, होतं ते गेलं. चालताना भिंत धरायची शेवटी शेवटी. दाईला काहीतरी बोलायचं होतं, बोलली. तू ते ऐकलंस हे मला आज कळतंय."

त्याची नजर वळून बायकोच्या हाताकडे गेली. उठून उभी राहताना तिने नकळत भिंतीचा आधार घेतला होता. तो त्या हाताकडे बघत राहिला, आणि तिला वाटलं, या घटकेला त्याला शेवटी शेवटी भिंत धरून चालणारी आईच दिसतेय.

"खऱ्या गोळ्या कुठे आहेत?" तिने विचारलं. "फेकल्यात?"

"नाही. कारखान्यात आहेत, माझ्या कपाटात. तुझ्या होत्या त्या. फेकवेना."

"उद्या दवाखान्यात चला. आणि सिस्टरना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. त्या मला खोटारडी समजतात."

त्याने सांगितलं. सिस्टरच्या टेबलासमोर उभं राहून, एकही शब्द न गाळता. सिस्टरनी ऐकून घेतलं, पेन बंद केलं आणि त्याला बाहेर जायला सांगितलं. मग दार लोटून तिच्याजवळ येऊन बसल्या.

"तुला याच्याबरोबर घरी जायचंय का?" त्यांनी विचारलं. "नसेल जायचं तर आत्ता सांग. मी बघते काय करायचं ते."

कोणी आपल्याला असं विचारेल, असं तिला वाटलं नव्हतं. आणि या प्रश्नाला आपल्याकडे पटकन 'हो' नाही, हेही तिला तेव्हाच कळलं. "घरी ताई आहेत," ती शेवटी म्हणाली. "मी ताईंबरोबर जाते."

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "आणि मागच्या वेळी तुला बोलले ते मागे घेते."

गोळ्यांनी भागण्याचे दिवस राहिले नव्हते. लोह शिरेतून द्यायचं ठरलं. दर काही दिवसांनी ती मोठ्या इस्पितळात जाऊन पडायची आणि बाटलीतून काळपट तांबडं पाणी थेंबथेंब तिच्या हातात उतरायचं. सोबत नणंद असायची. नवरा खाली फाटकाशी उभा असायचा. वर येऊ नको असं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. घरी गोळ्या, जेवण, पाणी सगळं आता नणंदेच्या हातून यायचं, आणि नणंद प्रत्येक वेळी बाटलीचं झाकण तिच्यासमोर उघडायची. एकदा न राहवून ती म्हणाली, "ताई, तुमच्यावर नाही आता संशय." नणंद म्हणाली, "असू दे थोडा. तब्येतीला बरा असतो."

हळूहळू जिने सोपे झाले. खडूचा वास नुसता खडूचा वास झाला. सिस्टरच्या टेपवर पोट पुढे सरकायला लागलं, पूर्ण भरपाई झाली नाही, पण सरकलं. एके दिवशी संडासातून बाहेर येऊन ती नणंदेला म्हणाली, "डांबर." आणि दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून हसत सुटल्या. आतल्या खोलीत त्याला ते हसणं ऐकू गेलं असणार. कशाबद्दल आहे हे विचारायला तो आला नाही.

मुलगी झाली. दिवस भरायच्या थोडी आधी, किरकोळ अंगाची, पण आवाज असा की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, हिला कोणी लहान म्हणेल तर बघा. बाळंतपणात रक्त बरंच गेलं. डॉक्टरांची धावपळ झाली, मग थांबली. दुसऱ्या दिवशी सिस्टर तिला बघायला दवाखान्यातून मुद्दाम मोठ्या इस्पितळात आल्या. नाडी बघत म्हणाल्या, "हेच त्या साखरेच्या दिवसांत झालं असतं ना, तर..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने वाक्य पुरं केलेलं तिला दिसलं, ओठ न हलवता.

तो पोरीला हातात घ्यायला आधी तयारच होईना. नणंदेने जवळजवळ ढकलून दिली. मग घेतली ती अशी, की कढईतला पाक सांडू नये तसे हात स्थिर. त्या हातांची बायकोला आता सवय करून घ्यायची होती, परत पहिल्यापासून.

पोर काही महिन्यांची झाल्यावर तिघं तपासणीला गेली. सिस्टरनी वजन केलं. पोरगी काट्यावर पाय झाडत होती. आकडा बघून सिस्टर म्हणाल्या, "भरून काढतेय. आईचं दूध चालू आहे तोवर गोळ्या चालू ठेवायच्या. लेकरू अजून तुझ्यातूनच घेतंय." डब्यातून बाटली भरली आणि सवयीने त्याचा हात पुढे आला. सिस्टरनी त्या हाताच्या बाजूने बाटली नेली आणि तिच्या हातात दिली. त्याने हात खाली घेतला. रागावल्यासारखा नाही, चुकून दुसऱ्याच्या ताटाकडे गेलेला हात माणूस घेतो तसा.

बाहेर पडताना तिने बाटली आपल्या पिशवीत तळाशी ठेवली आणि पोरीला त्याच्याकडे दिलं. तो पुढे चालत होता, ती मागून. फुटपाथ उखडलेला होता आणि तो प्रत्येक दगडाशी थांबून मग पाऊल टाकत होता.

"अजून बघतेस ना माझ्याकडे?" त्याने मागे न वळता विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"बघ," तो म्हणाला. पोरीच्या डोक्यावर ऊन येत होतं, म्हणून तो रस्त्याच्या सावलीच्या बाजूला वळला, आणि ती त्याच्या मागून गेली.